नवं वसतिगृह

“जुन्या वसतिगृहात ढेकणं लय हायेत म्हणं, आई. अभ्यास व्हायचा न्हाई तिथं,” पुटपुटत मुंजाजीनं अर्जावर नव्या वसतिगृहाचं नाव लिहिलं. चांगुणाबाई खट्टू झाली. बहात्तरच्या दुष्काळात पोराला राणीसावरगावला मामाकडं ठेवून ती परभणीला आली, ती जुन्या वसतिगृहाच्या खानावळीत भाकरी थापायला. एक दिवस तोही इथं शिकायला येईल, आपल्या हातची गरम भाकरी त्याच्या ताटात पडेल, या आशेवर तिनं सहा वर्षं धुरात काढली होती.

तरी पोराची सोय बघावी म्हणून ती स्वतः नव्या वसतिगृहात जाऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी पीठ मळता मळता बायकांपुढं तणतणली. “नळाला पाणी न्हाई, खोलीत पंखा न्हाई, भात निम्मा कच्चा. ढेकणं तर इथल्यापेक्षा दुप्पट. मग असं हाय तरी काय तिथं?”

चुलीपाशी एकीनं उगीचच जाळ पुढं सारला.

शेवटी म्हाताऱ्या कस्तुराबाईच बोलल्या, “तिथं तू न्हाईस, चांगुणा.”