आरपार साहेब

सकाळी अकरा वाजता चांगुणाबाईनं तालुक्याच्या कचेरीच्या फाटकाला बॅनर बांधला.

बॅनरवर तिचंच वावर होतं. वर ढगांच्या काळ्या कडा, खाली पांढरा कापूस, आणि अगदी पुढच्या फांदीवर एक किडकं बोंड. बोंडाच्या आतला अंधारही उजळला होता. त्यात गुलाबी अळी दिसत होती. मधोमध पीक-नुकसानीच्या पाहणीचे साहेब उभे. त्यांच्या पोटातून मागची कपाशीची पऱ्हाटी आरपार दिसत होती.

"साहेबाचं भूत झालं काय व?" चहावाल्यानं विचारलं.

"भूत तरी अमावशेले चक्कर मारते," चांगुणाबाई म्हणाली.

२०१७ च्या त्या हंगामात बोंडअळीनं सगळ्यांचीच बीटी कपाशी पोखरली होती. चांगुणाबाईच्या तीन एकरांपुढे मात्र पंचनाम्यात शेरा पडला: प्रत्यक्ष पाहणी केली, नुकसान नगण्य. म्हणजे मदत नाही, आणि वर तीच खोटी ठरली. शेजाऱ्यांनी पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरला. तिनं एक झाड उपटलं नाही. "कोणी डोयानं पाहत नाही तोवर हे असंच उभं राहीन," तिनं गावाला ठणकावलं होतं.

फोटो आलिमानं केलेला. वाहेद टेलरची ही पोरगी बारसं असो की साहेबलोकांचा सत्कार, जुना कॅमेरा गळ्यात अडकवून हौसेनं हजर. अलीकडे तिला नवंच वेड लागलं होतं. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक अंधारा, एक बेताचा, एक लख्ख, आणि कॉम्प्युटरवर तिन्हींचा एक करायचा. मग सावलीतलंही दिसतं, उन्हातलंही.

हा फोटो पहिल्यांदा पाहून चांगुणाबाई चक्रावली होती.

"हा कधी आलता व? मले तं दिसला नाही."

"जो एका जागी थांबत नाही न काकू, तो असाच पुसट येते."

"अन् हसते कसा, पाह्य! सत्कार घेतल्यावानी."

"हसू द्या त्याले," आलिमा म्हणाली.

कचेरीच्या फाटकाशी साहेब जीपमधून उतरले, बॅनर पाहिला आणि तो ओरबाडून थेट तहसीलदारबाईंच्या टेबलावर नेऊन टाकला. मागोमाग चांगुणाबाई आणि तिच्यासोबत आलेली आलिमा.

"हे काय आहे?" तहसीलदारबाईंनी विचारलं.

"तीन फोटोंचा एक केला, मॅडम," आलिमा म्हणाली. "तिन्हींत जे असते ते ठोस दिसते. एकातच असलं तं आरपार दिसते."

बाई साहेबांकडे वळल्या. "तीन एकरांची पाहणी तुम्ही एका फोटोपुरती केलीत?"

"मॅडम, हा फोटो खोटा आहे. या पोरीवर गुन्हा दाखल करा."

"खोटा काऊन?" चांगुणाबाई उसळली. "एक पाय तं ठेवला होता न माह्या वावरात? तेवढं तरी कबूल करा. का त्याचीबी लाज वाटते?"

"कसला पाय? अहो, मी तुमच्या वावराकडे फिरकलोसुद्धा नाही!"

कोपऱ्यातल्या कारकुनानं मान खाली घातली. तहसीलदारबाईंनी पंचनाम्याची फाइल पुढे ओढली.

"मग ही सही कुठे बसून केलीत?"



उद्या नव्यानं पाहणी होईल, मी स्वतः येईन, असं बाईंनी सांगितलं. मग आलिमाला म्हणाल्या, "साहेबांची तक्रारही तपासावी लागेल. मूळ तिन्ही फोटो पाहिजेत. कॅमेऱ्याचं कार्ड उद्या जमा कर."

बाहेर आल्यावर चांगुणाबाईला हसू आवरेना. "पण माणूस लबाड किती, पाह्य! फोटोत उभा हाय, अन् म्हणते फिरकलो नाही." मग तिनं आलिमाकडे निरखून पाहिलं. "कार्ड द्याले भेतं काय व?"

"भ्याचं काय त्यात? देते न."

"एका फोटोत तं सापडतेच तो. दाखव मले, कोणत्यात हाय."

आलिमानं कॅमेरा तिच्या हातात दिला. पहिला अंधारा, दुसरा बेताचा, तिसरा लख्ख. चांगुणाबाईनं मागं-पुढं करून पुन्हा पाहिलं.

तिन्हींत पऱ्हाटीशिवाय कोणीच नव्हतं.