भाऊसोची गोळी

त्र्याण्णव साली सांगलीच्या एका दवाखान्यात हरणाबाईचा नवरा भाऊसो कॅन्सरनं तळमळत गेला. "सवय लागेल," म्हणून डॉक्टरांनी त्याला वेदना थांबवणारी मॉर्फिनची गोळी शेवटपर्यंत दिलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या रिकाम्या खाटेवरून कण्हणं ऐकू यायला लागलं. शेजारचे पेशंट व्हरांड्यात पळाले. मृत्यूचा दाखला न्यायला आलेली हरणाबाई मात्र खाटेशेजारी ठाण मांडून बसली.

"बाई, घरी जा आता," डॉक्टर म्हणाले.

"जात न्हाई. आदी त्यास्नी गोळी द्या."

"अहो, ते गेले!"

"मग आता सवय लागायचं भ्या कशाला?"

डॉक्टरांनी स्वतः कपाट उघडलं. गोळी उशीवर ठेवली.

कण्हणं थांबलं. रिकामी उशी हळूहळू खाली दबत गेली.