वरचा वर्ग

“उद्यापासून चिंगी गणिताला या वर्गात बसणार नाही, ताई,” निलेश सर म्हणाले. ते पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात संगीताचा हात उठला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लेकीच्या, चिंगीच्या गालावर बसला.

आवाज एवढा झाला, की भिंतीपलीकडं कविता म्हणणारी पाचवीची पोरं गप्प झाली.

चिंगी जागची हलली नाही. रडलीही नाही. स्कर्टची कड मुठीत धरून ती फरशीकडं बघत उभी राहिली.

संगीता वलवणच्या एका बंगल्यावर झाडलोट करायची. दुपारी तिला फोन आला, शाळेत येऊन जा म्हणून. कशाला, ते विचारायचं तिला सुचलं नाही. हातातलं फडकं तिथंच टाकून ती निघाली, आणि धरणाच्या कडेनं चालताना सगळी वाट तिच्या डोळ्यांपुढं तिचा थोरला पोरगा तुषार होता. त्याच्या वेळीही असाच फोन आला होता. याच खोलीत, तेव्हाच्या सरांनी, तो उद्यापासून वर्गात बसणार नाही असं सांगितलं होतं. तुषार आता फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या धुतो.

“काय केलंस तू? आं?” संगीता चिंगीवर ओरडली, मग सरांकडं वळली. “सर, येक डाव माफ करा तिला. वाडीवरची हाये म्हून लगेच काडू नका. मी समजाविते तिला घरी न्हेऊन.”

“ताई, थांबा. तिनं काहीच केलेलं नाही.” सर उठून उभे राहिले. “तिला काढलेलं नाही. वर घातलंय.”

“वर म्हंजी?”

“पुढचं गणित शिकवणारा ॲडव्हान्स वर्ग सुरू केलाय आपण. सातवीतली तीनच मुलं घेतली, त्यात ही एक. गणिताच्या तासाला ती आता आठवीच्या मुलांबरोबर बसेल. घरच्यांची परवानगी लागते, म्हणून बोलावलं तुम्हाला.” सरांनी चिंगीच्या गालाकडं पाहिलं आणि नजर वळवली. “मी हेच आधी बोलायला हवं होतं.”

संगीता त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. शब्द कानावर पडत होते, पण आत शिरत नव्हते. तिनं मागं हात करून भिंत चाचपली आणि तिला टेकली.

“ही?” ती म्हणाली. “आमची चिंगी?”

“हीच.”

“दुसऱ्या कुनाची चिंगी तर न्हवं?”

“शाळेत एकच चिंगी आहे, ताई.”

संगीता लेकीकडं वळली. “तुला ठाव व्हतं?”

चिंगीनं नाही अशी मान हलवली. “परीक्षा तेवडी घेतलीवती. मला समदी गणितं आली. तुला सांगत व्हते तवा तू म्हनलीस, आदी पानी भर.”

संगीताला ते आठवलं. हंडा, उंबरा, आणि उंबऱ्यात काहीतरी बोलत घुटमळणारी पोर. आपण तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

“मग आता मारलं तवा बोलली का न्हाईस? का मारतीस, येवडं तरी इचारायचं.”

चिंगीनं पहिल्यांदाच तोंड वर केलं. गालावर बोटं उठली होती.

“तू मारलंस,” ती सावकाश म्हणाली, “म्हून मला वाटलं, माजं कायतरी चुकलंच असंल.”

सरांनी जगमधून पेल्यात पाणी ओतलं आणि पेला संगीतापुढं सरकवला. ती प्याली नाही.

एकदा बंगल्यावरच्या बाईंची अंगठी सापडत नव्हती, तेव्हा त्यांनी संगीताची पिशवी फरशीवर उलटी करून पाहिली होती. भाकरीचं फडकं, बसचे सुटे पैसे, सगळं पाहुण्यांसमोर पसरलं होतं. का म्हणून, असं संगीतानं तेव्हा विचारलं नव्हतं. खाली बसून सगळं गोळा केलं आणि उरलेली भांडी घासायला घेतली. अंगठी नंतर बाईंच्याच उशीखाली निघाली. ते घरी कुणाला कळलं नव्हतं. तिनं सांगितलंच नव्हतं. मग हे पोरीत आलं कुठून, ते तिला कळेना.

तिनं पेल्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं, पिळलं, आणि चिंगीच्या गालाकडं हात नेला.

चिंगीनं डोळे घट्ट मिटून घेतले. तिचे खांदे वर आले.

संगीताचा हात तिथंच थांबला. मग अगदी हळू, जणू गाल कुणा परक्याच्या पोरीचा आहे, तसा तिनं ओला पदर त्यावर टेकवला. थोड्या वेळानं चिंगीचे खांदे खाली आले. डोळे मात्र तिनं लवकर उघडले नाहीत.

“सर,” मागं न वळता संगीतानं विचारलं, “त्या वरच्या वर्गात मारत्यात का?”

“नाही, ताई.”

“कुनीच न्हाई?”

“कुणीच नाही.”

पलीकडं पाचवीच्या पोरांनी राहिलेली कविता पुन्हा सुरू केली.

“मग बशिवा तिला तितं,” ती म्हणाली.