गुळगुळीत पाकळी

तिने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली तेव्हा नवरा टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर डबा ठेवत होता. निवृत्त झाल्यापासून तो रोज दुपारी बायकोचा डबा घेऊन वनस्पती संग्रहालयात यायचा. डबा हे निमित्त. सगळा जीव इथल्या कपाटांत अडकलेला.

"जेवण नंतर. आधी हे बघा," ती म्हणाली.

भिंतीलगतच्या कपाटात वाळवून कागदांवर चिकटवलेल्या रानलिली होत्या. त्यांतली एक जात त्याने शोधलेली. आयुष्यभराच्या भटकंतीत त्याच्या नावावर तेवढी एकच, आणि तिला त्याने बायकोचं नाव दिलं होतं. नातेवाईक अजूनही बायकोला 'लिलीवाल्या काकू' म्हणून चिडवत. तशी ही जात डोंगरावरच्या साध्या लिलीची सख्खी बहीण शोभावी अशी होती. पानं तशीच दांड्याभोवती गोल, पाकळ्या तशाच मागे वळलेल्या, ठिपकेही तेच. फरक एवढाच की साध्या लिलीच्या पाकळीच्या बुडाशी बारीक पांढरी लव असते, हिची पाकळी गुळगुळीत.

त्याने भिंगाला डोळा लावला.

"लव आहे. साधी लिली."

तिने भिंगाखालची पाकळी बदलली.

"ही गुळगुळीत. ही आपली!" तो खुलला. "कुठे मिळाली?"

"दोन्ही साध्या लिलीच्या आहेत. एकाच झाडाच्या. एका संशोधक मुलीने पाठवल्यात. पहिलं फूल उमललं त्याच दिवशी तोडलंय, दुसरं दोन दिवसांनी. फूल शिळं झालं की लव झडते."

तिने कपाटातून काढून ठेवलेला त्याचा जुना नमुना भिंगाखाली सरकवला. पाकळीच्या बुडाशी, लव जिथे असायला हवी तिथे, बारीक खड्डे दिसत होते.

"मी शिळं फूल दाबीन?" त्याचा आवाज चढला. "फूल तोडल्या तोडल्या कागदात गेलं नाही तर हाताखालच्या पोरांची बिनपाण्याने करायचो मी!"

"पोरांची करायचात. माझं ऐकलंत. इतकं देखणं फूल कागदात चेपायचं म्हणून मी रुसले होते. नवीन लग्न होतं आपलं. विश्रामगृहाच्या खिडकीत ठेवलं होतं ते, पेल्यात."

तो आठवत राहिला.

"पेला एकच होता," तो हळूच म्हणाला.

"हो. दोन दिवस आपण नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायलो."

त्याला हसू आलं आणि लगेच मावळलं. त्या उतारावर तेवढी एकच लिली फुललेली सापडली होती. पुन्हा कितीदा गेला, पण फूल मिळालं नाही. मिळालं असतं तर चूक तेव्हाच कळली असती.

"ही फुलं पाठवणाऱ्या मुलीला कळलंय?"

"नाही. तिला परागकण बघून हवे होते. पाकळ्या मी आपल्या सहज बघितल्या."

"मग कुणाला कळणार आहे?" असं म्हणताना त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मला कळलंय ना."

तिलाही वाईट वाटत होतं. स्वतःच्या नावाचं फारसं नाही. पण त्याची तेवढी एकच तर जात होती. तिने कोरी चिठ्ठी पुढ्यात ओढली. इथल्या रिवाजाप्रमाणे नमुन्याच्या कागदावरची नावाची जुनी चिठ्ठी कुणी काढत नसे. तिच्याखाली नवी डकवायची आणि कागद योग्य त्या गठ्ठ्यात हलवायचा. तिने पेनचं टोपण काढलं, पण हात पुढे सरकेना.

"आण इकडे," तो म्हणाला. "तुझं अक्षर कोंबडीचे पाय."

त्याने चिठ्ठीवर साध्या लिलीचं नाव लिहिलं. सही केली. बायकोच्या नावाखाली डिंक लावून चिठ्ठी बसवली आणि कडा अंगठ्याने नीट दाबल्या. मग स्वतः उठून तो कागद साध्या लिलींच्या गठ्ठ्यात ठेवून आला.

"झालं," हात झटकत तो म्हणाला. "आता तू चारचौघींसारखी."

ती डब्याचं झाकण काढत होती.

"होतेच मी चारचौघींसारखी. तुम्हालाच वेगळी दिसले."