लवूचं इंजिन

देवगड बंदरावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दाजींनी खेळण्यातलं पत्र्याचं इंजिन उघडलं आणि ते थबकले. आत स्प्रिंगच नव्हती.

"सुभद्रा, ह्या चालतला कसा?"

"रोज तिन्हीसांजेक चलता, दाजी. कालपास्ना बंद रवला, म्हणान तुमच्याकडे हाडलंय."

ते इंजिन तिच्या मुलाचं, लवूचं होतं; त्याच्या बापाने मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं. लवू मामाबरोबर होडीवर निघाला, तेव्हा तिने उंबऱ्यातून विचारलं होतं, "खंय रे?" निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे ठाऊक असूनही तोंडून गेलं. होडी परतली नाही.

दाजींनी मोडक्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग बसवली, किल्ली दिली. इंजिन जमिनीवर खडखडत धावलं.

सुभद्रेने डोळे मिटून ऐकलं. "ह्यो आवाज तो न्हय. काढा ती स्प्रिंग."

त्यांनी काढली. रिकामं इंजिन तिच्यासमोर ठेवलं. तिन्हीसांज झाली; शेजारच्या घरात दिवा लागला.

चाकं हळूच फिरली. इंजिन सुभद्रेच्या पावलाला येऊन टेकलं, जरा थांबलं, मग वळून समुद्राकडच्या दाराकडे निघालं.

तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. या खेपेस तिने विचारलं नाही.