हिरवं पाणी

हसुरामने पहारीचा पहिला घाव घातला, तशी प्रयोगशाळेतली काचेची टाकी फुटून हिरवं पाणी त्याच्या छाताडावर आलं. "खाडीतली मासली मेली ती याच पाण्यानं," असं ओरडत तो पुढच्या टाकीवर तुटून पडला. त्या पाण्यात वाढवलेल्या शेवाळापासून डिझेल काढू पाहणाऱ्या बाई आडव्या आल्या, तर त्याने त्यांनाही ढकललं. त्या काचांवर पडल्या आणि कपाळातून रक्ताची धार लागली.

शेवटची टाकी फुटली आणि त्याच्या हातातला जोर ओसरला. बाई उठून त्याच्याकडेच येत होत्या.

"शर्ट काढ," त्या म्हणाल्या.

पोलिसांना दाखवायला पुरावा हवा असणार, असं त्याला वाटलं.

"घ्या. जेलला भीत नाय मी," म्हणत त्याने चिंब भिजलेला शर्ट त्यांच्या अंगावर फेकला.

बाईंनी कपाटातून एक धड राहिलेली बरणी काढली. रक्त आत पडू नये म्हणून मान वळवली आणि तो शर्ट बरणीवर धरून शेवटच्या थेंबापर्यंत पिळला.

"घरी जा," त्या म्हणाल्या, "आणि आईला विचार, दह्याला विरजण केवढं लागतं."