फुगडीची चाचणी

कॉम्प्युटरवरची बाई कृत्रिम पायावर चालली, जिना चढली, मांडी घालून बसलीसुद्धा.

"अगदी असाच पाय तुम्हाला बसवणार," इंजिनिअर शालनला म्हणाला. "अजून काय दाखवू?"

"तिला फुगडी घालायला लावा. अपघातापासून मंगळागौरीला मी नुसती बघत बसते."

त्यानं चित्रातल्या बाईला मागं झुकवून गरगर फिरवलं. ती धाडकन पडली. शालनचा चेहरा उतरला.

शेजारी बसलेली जाऊ मात्र खो खो हसली. "अहो साहेब, फुगडी एकटीनं घालतात होय? समोर मला उभं करा!"

त्यानं दुसरी बाई आणून दोघींचे हात गुंफले. दोघी मागं रेलून फिरत राहिल्या. पाय टिकला.

"हिला जरा जाड करा," शालन डोळे पुसत म्हणाली.

"करा," जाऊ म्हणाली, "पण हात घट्ट धरलेले ठेवा."